उलट्या रेघांचा दगड

तिसऱ्या दिवशी मी कानाला खडा लावला, की तंबू, नातवंडं आणि इतिहास हे तिन्ही पुन्हा एकत्र बांधायचे नाहीत. पहिल्या दिवशी पडका मठ झाला, दुसऱ्या दिवशी जुना पूल. माझे गुडघे त्या पुलापेक्षा जास्त मोडकळीला आलेले. गुडघे शाबूत होते तेव्हा नातवंडं नव्हती, नातवंडं आली तर गुडघे गेले. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, त्यातला प्रकार. पुढच्या महिन्यात ऑपरेशन, म्हणून ही सहल आत्ताच उरकायची होती.

नातू बारा वर्षांचा. प्रत्येक गोष्टीला पुरावा मागतो, म्हणून त्याला मी वकीलसाहेब म्हणतो. नात आठ वर्षांची. एका जागी ठरत नाही, म्हणून ती भिंगरी. निघताना सूनबाईंनी तिच्याबद्दल एकच बजावलं होतं, "बाबा, ही सगळं डाव्या हाताने करते. आत्ताच वळण लावायला हवं. लक्ष ठेवा." तेव्हापासून प्रत्येक घासाला मी "उजवा हात" म्हणत होतो. पोरगी मुकाट्याने चमचा बदलायची आणि अर्धं सूप मांडीवर सांडायची. तीन दिवसांत चार फ्रॉक मी धुतले.

एवढी यातायात केली ती तिसऱ्या दिवसाच्या किल्ल्यासाठी. मी पाथरवट. तीस वर्षं या किल्ल्याच्या भिंतीतले फुटके दगड काढून नवे घडवून बसवले. मुलाला हे काम कधी दाखवणं झालं नाही. तो शाळेत असायचा आणि मी इथे. नातवंडांनी तरी एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच इच्छा होती. दाखवण्यासारखं दुसरं काही माझ्याकडे नाही.

आणि दरवाज्यातच माशी शिंकली. गाईड पाच-पंचवीस लोकांना सांगत होता, "ही भिंत चारशे वर्षांपूर्वी होती तशीच उभी आहे. एका दगडालाही कुणी हात लावलेला नाही."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, हे काय म्हणतायत?"

"म्हणू दे त्याला. चल, मी दाखवतो."

पण दाखवणार काय? आमच्या कामाची रीतच अशी, की नवा दगड जुन्यात ओळखू येता कामा नये. टाकीने, म्हणजे आमच्या छिन्नीने, मारलेल्या रेघासुद्धा जुन्या कारागिरांसारख्याच हव्यात, उजवीकडून डावीकडे उतरत्या. ओळखू आला तर मुकादम तो काढायला लावायचा. दरवाज्यापासून बुरुजापर्यंत दोन तास मी भिंत चाचपत हिंडलो. हा माझा. नाही, हा नसावा, पलीकडचा. माझेच दगड मला सापडेनात.

"आजोबा, तुम्ही नक्की इथेच कामाला होता ना?" वकीलसाहेबांनी विचारलं. खोचून विचारलं असतं तर परवडलं असतं. त्याने अगदी हळू विचारलं. शाळेत तो सांगून बसला होता, की किल्ला माझ्या आजोबांनी बांधलाय.

"नक्की इथेच," मी म्हणालो. "पण पुरावा नाही."

तो तंबूत जाऊन मोबाइल बघत बसला. मी बाहेर गुडघ्यांना मलम चोळत बसलो. कुणाला दिसू नये म्हणून तीस वर्षं राबायचं आणि मग कुणी बघत नाही म्हणून कुढायचं, हा शुद्ध वेडेपणा. कळत होतं, तरी फार वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी सामान आवरायला घेतलं. भिंगरी वही घेऊन बुरुजाशी गेली होती. दगडावर कागद धरायचा आणि वरून आडवी पेन्सिल घासायची, म्हणजे दगडाची नक्षी कागदावर उमटते. तीन दिवस तिचा तोच उद्योग. थोड्या वेळाने तिने हाक मारली.

"आजोबा, या दगडावर माझ्यासारख्या रेघा आहेत."

"म्हणजे कशा?"

"उलट्या. बाकीच्यांच्या इकडून तिकडे जातात, याच्या तिकडून इकडे येतात. मी आभाळ रंगवते तेव्हा माझ्या अशाच येतात. बाई ओरडतात."

गुडघ्यांना शिव्या देत मी गेलो. झरोक्याखाली, माझ्या कमरेइतक्या उंचीवर. सकाळचं तिरपं ऊन भिंतीवर आलं होतं आणि रेघा स्वच्छ दिसत होत्या, डावीकडून उजवीकडे उतरलेल्या. मी तिथेच मातीत फतकल मारली.

"हा माझा," मी म्हणालो. "मी डावखुरा होतो."

वकीलसाहेबही ब्रश तोंडात धरून आले. मग दोघांना सांगितलं. कामाच्या पहिल्याच आठवड्यात मी चार दगड घडवले. मुकादमाने रेघा उलट्या पाहिल्या आणि तीन पुन्हा घडवायला लावले. चौथा चुन्यात पक्का बसला होता, तो राहून गेला आणि पुढे मीच त्याला विसरलो. त्यानंतर हातोडी माझ्या डाव्या हातात दिसली की बोटांवर पट्टी बसायची. सहा महिन्यांत वळण लागलं, जेवतानाही उजवाच हात पुढे येऊ लागला. पुढची तीस वर्षं सगळे दगड उजव्या हाताने केले, आणि म्हणून त्यातला एकही कुणाला ओळखता येत नाही. मलासुद्धा नाही.

"म्हणजे चुकलेला तेवढाच तुमचा?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"ओळखू येतो तो एवढाच."

त्याने तोंड धुवून येऊन दगडाचे फोटो काढले, जवळून आणि लांबून, मग मला शेजारी बसवून. मी बसलो, पण माझं लक्ष भिंगरीच्या बोटांकडे होतं. तीन दिवस मी त्या मुकादमासारखाच या पोरीच्या मागे लागलो होतो. माझी मला लाज वाटली.

निघण्याआधी उरलेलं सूप गरम केलं. भिंगरीने डाव्या हाताने चमचा उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि तो उजव्या हातात घेतला.

"राहू दे," मी म्हणालो. "तुझी तू खा."

"आई?"

"आईला मी सांगतो."

मग मीही माझा चमचा डाव्या हातात घेतला. पन्नास वर्षांनी. पहिलाच घास सदऱ्यावर पडला. वकीलसाहेब हसले. भिंगरी हसली नाही. ती उठून माझ्याशेजारी आली आणि माझी बोटं एकेक करून चमच्यावर नीट बसवत म्हणाली, "असा धरायचा, आजोबा."