समोर बटणं असलेला गाऊन

थोरलीची ड्यूटी दोनला संपायची, ती साडेतीनला संपली. पुढच्या पाळीची नर्स उशिरा आली, त्याला ही काय करणार! सव्वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला पेशंट वाऱ्यावर सोडून निघता येत नाही. आणि नेमकं आजच पाच वाजता धाकट्या बहिणीचं ऑपरेशन होतं, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात. छातीतली गाठ काढायची होती. धाकटीने सकाळी फोनवर बजावलं होतं, "ताई, समोर बटणं असलेला गाऊन आण. नंतर हात वर होणार नाही म्हणतात. आणि मला आत न्यायच्या आधी ये. तू आल्याशिवाय मी स्ट्रेचरवर चढणारच नाही."

गाऊन दुकानात शिरल्या शिरल्या मिळाला. तिथवर सगळं सुरळीत होतं. पैसे द्यायला गेली, तर माणसांचे काउंटर सगळे बंद आणि त्यांच्या जागी चार मशीनं. गिऱ्हाइकानेच वस्तू मशीनला दाखवायची, गिऱ्हाइकानेच पिशवीत भरायची. दुकानदाराचं काम आपण करायचं आणि वर पैसेही त्यालाच द्यायचे, असा सगळा उफराटा कारभार!

तिने गाऊन दाखवला, बाजूच्या फळीवर ठेवला आणि शेजारी आपली पर्स ठेवली.

"अनोळखी वस्तू. कृपया मदतीची वाट पाहा," मशीन म्हणालं.

तिने गाऊन उचलला, झटकला, नीट घडी घालून परत ठेवला. मशीनचं पालुपद तेच. "अहो, एकच गाऊन घेतलाय मी," ती चक्क मशीनला म्हणाली, आणि मग स्वतःचीच तिला लाज वाटली. फळीखाली वजनकाटा असतो आणि तो पर्सही मोजतो, हे तिला कोण सांगणार? दुसरं कुणी असतं तर पर्स खाली ठेवून मोकळं झालं असतं. पण वॉर्डातला पहिला धडाच असा, की जमिनीवर काही ठेवायचं नाही.

चार वाजून दहा मिनिटं झाली. तेवढ्यात हातात टॅब घेतलेली दुकानातली एक मुलगी आली. दारापासून हिच्या मागेच होती ती. एकदा अत्तर पुढे केलं होतं, एकदा गाऊनला जुळणाऱ्या सपाता.

"मॅडम, आमच्या मेंबर आहात?"

"आधी हे बघ, बाई. मला घाई आहे."

"बघते ना. पर्स उचला. हं." मशीन गप्प झालं. "आता मी टॅबवरून मंजुरी देते, म्हणजे पैसे भरता येतील, तोवर फक्त मोबाईल नंबर…"

"नको."

"कार्ड फुकट आहे, मॅडम."

"नको म्हटलं ना!"

मुलीने आवाज खाली आणला. "तीनदा विचारावं लागतं. वर कॅमेरा आहे. तिसऱ्यांदा नाही म्हणालात की सोडते."

"नाही. झालं?"

"असं लागोपाठ चालत नाही. मध्ये फायदे सांगावे लागतात."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मुलगी एकेका पायावर भार टाकत उभी होती, घोटे सुजलेले. नर्सच्या नजरेतून असलं सुटत नाही. राग काढायलाही धड माणूस मिळेना. गाऊन टाकून पळावं असं मनात आलं, पण रिकाम्या हाताने धाकटीसमोर जाणं जिवावर आलं. मुलीने फायदे सुरू केले. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, आधीचं ऑपरेशन लवकर आटोपलं. न्यायला आलेत गं. कुठे आहेस?"

थोरलीचं तोंड सवयीने चालू झालं. "घाबरायचं नाही. छोटंसं ऑपरेशन आहे. डॉक्टर चांगले आहेत. दीर्घ श्वास घ्यायचा, काही होत नाही."

"हे तू सगळ्यांना सांगतेस," धाकटी म्हणाली. "मला तुझं सांग."

समोर मुलगी त्याच सुरात म्हणत होती, "वाढदिवसाला वीस टक्के सूट, शिवाय दर महिन्याला…" थोरलीला आपल्याच शब्दांचा वीट आला. हजार पेशंटांना धीर दिला तिने, आणि सख्ख्या बहिणीसाठी एक शब्द सापडेना. मागे रांगेतल्या गृहस्थांनी त्रासून 'च्‌च्‌' केलं.

"मला भीती वाटतेय गं," ती म्हणाली. "फार भीती वाटतेय. आज तीनदा बाथरूममध्ये जाऊन रडले. आणि आता तुझ्यापाशी असायचं, तर इथे एका गाऊनपायी अडकून पडलेय."

मुलीने फायदे अर्धवट सोडून टॅब खाली घेतला.

फोनवर कुणीतरी धाकटीला "चला, उशीर होतोय," म्हणालं. मग धाकटीचा आवाज आला, सकाळपासून पहिल्यांदाच सैल झालेला.

"हात्तिच्या! मला वाटलं, मी एकटीच घाबरलेय. थांब, चढते मी स्ट्रेचरवर. तू सावकाश ये."