दुसोदेस आणि खालचा खण

जुन्या ग्रीक शब्दांचा कोश करणाऱ्या त्या कचेरीत नव्या बाईंची नोकरी अजून कच्चीच होती. नवरा घरी बसलेला, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. नोकरी पक्की होणं गरजेचं होतं आणि ते थोरल्या सरांच्या हातात होतं. शब्दांची कात्रणं कणकेच्या खळीने कार्डांवर चिकटवायची आणि कार्डं खणात रचायची, ही तिथली रीत. खण मात्र सरांशिवाय कुणी उघडायचा नाही. क्रम मोडला तर सगळी मेहनत पाण्यात, म्हणे.

गेले काही दिवस खोलीत असा वास भरला होता की बाई नाकाला पदर लावूनच बसत. आणि नेमका त्यांच्या वाट्याला शब्द आला 'दुसोदेस'. 'दुस्' म्हणजे वाईट, पुढचा भाग वासाचा. दोन्ही जोडून झालेलं विशेषण. पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी रूप एकच, नपुंसकलिंगात तेवढा शेवटचा 'ए' आखूड. बाईंनी अर्थ लिहिला : घाण मारणारा.

सरांनी चष्मा वर केला. "बाई, कोश चार घरांत जातो. 'अप्रिय गंधाचा' लिहा."

"सर, इथे काहीतरी मेलंय."

"भिंतीला ओल आहे."

शेजारचे तपासनीस काका पुटपुटले, "भिंतच मेली असेल."

सर जेवायला गेले तशा बाई वासाचा माग काढत उठल्या. त्यांनी सरळ खालचा खण ओढला. खळीच्या वासाने आत शिरलेला उंदीर कार्डांवरच फुगून फुटला होता. अळ्या वळवळत होत्या. अक्षरांवरून पिवळं पाणी ओघळलं होतं.

तेवढ्यात सर दारात. संपलं आपलं, बाईंना वाटलं.

सर ओरडले नाहीत. वाकले, एक कार्ड सदऱ्याला पुसलं, आणि सवयीने बोट जिभेला लावून दुसरं उलटलं. बाईंनी तोंड फिरवलं.

"अक्षरं शाबूत आहेत," सर समाधानाने म्हणाले. "हे सगळं तुम्ही नव्याने उतरवून काढा. वरच्यांना कळायला नको. पुढच्या महिन्यात तुम्हाला पक्कं करतो."

"घ्या बाई," काका म्हणाले. "झाकली मूठ."

सरांनी पुन्हा बोट चाटलं. बाईंनी घशाशी आलेलं गिळलं, "बरं, सर" म्हणाल्या आणि पहिलं ओलं कार्ड चिमटीत धरलं.