जांभळ्या फुलाचा दांडा

सिद्धोधननं भिंग फोनच्या काचेला टेकवलं, तसं फोटोतलं फूल गेलं आणि नुसते जांभळे ठिपके उरले.

"भिंग कशाला लावायलात? बोटानं वढलं की मोठं होतंय ना," त्याची बायको सुकेशनी म्हणाली.

बोटानं ओढलं की फूल धूसर व्हायचं. पूर्णेच्या कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस, पण डोंगरातलं हे आयरिसचं फूल त्यानं फक्त पुस्तकात पाहिलेलं. हिमालयात त्याच्या दोन जाती अगदी सख्ख्या बहिणींसारख्या. एक खालच्या उतारावर येते, दुसरी पार वर, खिंडीपाशी. फोटोत त्यांचा फौजेतला मुलगा सुगत वर्दीत खडकावर हसत बसला होता आणि पायाशी ही फुलं होती. 'खालच्या छावणीत आहे, थंडी नावाला नाही,' एवढंच तो फोनवर सांगायचा. ठिकाण सांगायची त्याला मुभा नव्हती.

दोन जातींची गोष्ट सिद्धोधन सकाळी बायकोसमोर बोलून गेला आणि फसला. तेव्हापासून ती त्याच्या मागेच लागली होती.

"मग ह्ये कुठलं? खालचं का वरचं?"

"रंग तोच, पाकळ्या त्याच. खालच्या जातीला दांडा असतो, वरची जमिनीला चिकटून फुलते. इथं बूडच गवतात गेलंय."

"मग पोरायला काय शिकवलात इतके वर्षं?"

त्याला राग आला, पण तिचा नाही. सकाळी त्याला ते खालचं वाटलं होतं, जेवताना वरचं, आणि आता काहीच वाटेना. आपण हवं तेच बघतोय की काय, अशीही शंका येऊ लागली. त्याला भीती वाटत होती, सरळ सरळ भीती. शेवटी त्यानं पोरालाच लिहिलं : 'एक फूल बुडातून तोडून दाखव. खालच्या जातीला दांडा असतो.'

संध्याकाळी फोटो आला. चिमटीत फूल आणि त्याखाली बोटभर लांब दांडी. 'बघा पप्पा, केवढा दांडा! आता मम्मीला सांगा, निवांत राहा.'

"हाय की दांडा!" सुकेशनीचा चेहरा उजळला. "मी म्हणतच व्हते."

सिद्धोधन मात्र बघतच राहिला. खरा दांडा असता तर बियांचा फुगीर कोश फुलाच्या अगदी बुडाशी दिसला असता. इथं तो बोटभर खाली होता, जिथून फूल तोडलं तिथंच. म्हणजे तो दांडा नव्हताच, फुलाचीच लांब नळी होती. ही वरची जात. फुलाचं कोडं सुटलं, पण पोराचं काही सुटेना. त्याला कळलं नव्हतं, की तो बापाला बनवत होता?

"काय झालं हो?"

"काही नाही. खालचंच आहे."

ती तशीच शेजारच्या पंचफुलाबाईला सांगायला गेली.

'अरे, तो दांडा नाही,' त्यानं लिहिलं. मग ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं : 'बरोबर. खालचंच आहे. तरी रात्री मोज्यांचे दोन जोड घालत जा.'

बाहेरून सुकेशनीचं हसणं ऐकू येत होतं, कितीतरी दिवसांनी. मग हातातला फोन थरथरला.

'तीन घालतो, पप्पा. मम्मीला सांगू नका.'