वजाबाकीच्या आधीची ओळ

दुरुस्ती अवघ्या एका ओळीची होती, पण तिने लेकीची झोप उडवली होती.

एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक आभासी मशिनं नांदतात आणि कर्नल, म्हणजे त्या कॉम्प्युटरच्या गाभ्यातला प्रोग्राम, त्यांची राखण करतो. मशीन निरोप पाठवतं, त्याची लांबी सांगतं. कर्नल त्यातून वरच्या मथळ्याची लांबी वजा करतो आणि उरलेला मजकूर उचलून देतो. पण एखाद्या लबाड मशीनने मथळ्याहूनही कमी लांबी सांगितली तर? उत्तर उणे यायला हवं. इथे उणे आकडा मावतच नाही, म्हणून तो उलटून चारशे कोटींच्याही वर जाऊन बसतो. मग कर्नल निरोप संपला तरी थांबत नाही, शेजारच्या मशीनची मेमरीही बिनदिक्कत देऊन टाकतो. आडात नसलेलं पोहऱ्यात येत होतं, आणि तेही शेजाऱ्याच्या आडातलं.

वजाबाकीच्या आधी लांबी तपासली की झालं. तिने तशी ओळ घातली, चाचणीही पास झाली. घोडं अडलं ते पुढे. या कामाचा दंडक असा, की चूक ज्या जुन्या बदलातून आत आली त्याचा क्रमांक आणि करणाऱ्याचं नाव दुरुस्तीखाली लिहायचं. ते नाव तिच्या बाबांचं होतं.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बाबांचा उजवा हात चालत नव्हता, काम सुटलं होतं. उरली होती एकच बढाई: "माझ्या कोडमध्ये आजवर कोणाला भोक सापडलं नाही." व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनाही ते हे ऐकवत. त्या बिचाऱ्या मान डोलावत.

"गाळून टाक ती नावाची ओळ," मुकादम फोनवर म्हणाला. तो तिचा टीमलीड. सगळ्यांवर ओरडतो म्हणून हे नाव पडलेलं. "दुरुस्ती होतेय ना? कशाला त्यांच्या जखमेवर मीठ चोळतेस?"

"क्रमांक नसेल तर जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना कळणार कसं, कुठे कुठे भोक आहे ते? हॉस्पिटलं अजून त्याच चालवतात."

"बघ बाई. बाप तुझा आहे."

ती लॅपटॉप घेऊन बाबांच्या खोलीत गेली. त्या जुन्या बदलाचं पान उघडलं आणि माथ्यावरचं नाव दिसणार नाही इतपतच ते वर सरकवलं. हा भित्रेपणा आहे, हे तिलाही कळत होतं.

"बाबा, एवढं बघता का?"

त्यांनी चष्मा सावरून वाचलं आणि कित्येक दिवसांनी चेहऱ्यावर जुनी धार आली. "अगं, हे कुठल्या गाढवाने लिहिलंय? वजा करायच्या आधी बघायला नको? समोरचा खरंच बोलतोय असं धरून चालला शहाणा!"

तिला हसू आलं. "नाव लिहू त्याचं?"

"म्हणजे काय! भीड ही भिकेची बहीण. माणूस चांगला असेल तर उलट आभार मानेल."

परवानगी तर मिळाली होती. तशीच उठून गेली असती तर चाललं असतं. पण अशी फसवून घेतलेली परवानगी तिला पचली नसती.

"बाबा, तो बदल तुमचा आहे."

त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने पान खाली ओढलं. नाव वाचलं. मग कोड पुन्हा पहिल्यापासून वाचलं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिपाणी वाजत राहिली. चुका सगळ्यांच्याच होतात, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"हॉस्पिटलात चालतं म्हणालीस ना फोनवर?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग थांबलीस कशाला? माझ्यासाठी?"

तिने मान खाली घातली.

"पोरी, तिकडे दार सताड उघडं आहे," त्यांचा आवाज फाटला, "आणि तू मला जपत बसलीस?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आजारपणापासून ते उठसूट रडत, पण हे रडणं तसलं नव्हतं. तिला वाटलं, बढाई मोडली त्याचं दुःख त्यांना असेलच, पण आपल्यामुळे लेक कामात चुकली याचं त्याहून जास्त आहे.

"लिही," ते म्हणाले.

तिने तिथेच बसून क्रमांक लिहिला, नाव लिहिलं. घाईत नावातलं एक अक्षर गळलं होतं. बाबांनी ते दाखवलं. तिने ते घातलं आणि दुरुस्ती पाठवून दिली.