झाकण लावणारा हात

मित्रांनो, मला फक्त पुढचं दिसतं. मी कॅमेरा आहे, जुना आहे, आणि माझ्या पाठीमागे बसलेल्या माणसाचा चेहरा मी कधीच पाहिला नाही. माझी सगळी गोष्ट एवढीच आहे.

माझा जन्म फार लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते जालन्यातलं मस्तगड, तिथलं दोन खोल्यांचं घर, आणि मला पिशवीतून काढून फुंकर मारणारे लतीफ. त्यांनी मला जुनाच घेतला होता. आधीच्या मालकाने लग्नांचे फोटो काढून काढून माझा पट्टा झिजवला होता.

लतीफ तरुणपणी सळयांच्या कारखान्यात होते. तिथल्या आवाजाने त्यांचे कान गेले. समोर बसून मोठ्याने बोललं तर कळायचं, पण चार आवाज एकत्र आले की नुसती घरघर ऐकू यायची. मग त्यांनी फोटोचं काम धरलं. हे डोळ्यांचं काम आहे, याला कान लागत नाहीत, असं त्यांना वाटलं. आणि नेमका त्यांना नाद लागला तो नाचाच्या फोटोंचा.

शहरात कथकचा एक वर्ग होता. त्यांच्या कार्यक्रमात पहिल्यांदा आम्ही तीनशे फोटो काढले. एकातही जीव नव्हता. हात वर, पाय वर आणि चेहरा रिकामा. नाचणारी गिरक्या घेत येते आणि ताल जिथे पुरा होतो त्या समेवर थबकते. त्या एका क्षणी रंगाखालचा तिचा खरा चेहरा वर येतो. लतीफना तोच हवा होता. पण सम कानाने कळते. त्यांना ती डोळ्याने दिसायची, आणि बटण दाबेपर्यंत तो चेहरा निघून गेलेला असायचा.

त्यांची बायको मैमूना लग्नघरी बायकांच्या गाण्यांना ढोलक वाजवायची. पुढच्या कार्यक्रमाला ती सोबत आली, त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसली आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर बोटांनी ताल धरला. सम आली की एक जोराची थाप. थाप पडली की लतीफ बटण दाबायचे.

माझ्या पोटात एक आरसा आहे. बटण दाबल्यावर तो उचलायला मला किंचित उशीर लागतो. दोन-तीन कार्यक्रमांत मैमूनाने तो उशीरही ओळखला. ती थाप तेवढी आधी द्यायला लागली. माझी खोट कुणी इतक्या मायेने सांभाळून घेतली नव्हती.

तबला वाजवणारे रामप्रसाद चिडवायचे, "लतीफभाई, हा कॅमेरा तुमच्या बोटानं चालतो का भाभीच्या?"

"बोट माझं, अक्कल तिची. बराबर?" लतीफ म्हणायचे.

अकरा वर्षं आम्ही असे फोटो काढले. राजनंदिनी नावाची आष्टीची मुलगी जालन्यात मावशीकडे राहून नाच शिकत होती. ती लहान असताना एकदा नाचता नाचता तिच्या घुंगरांची दोरी तुटली. घुंगरू रंगमंचभर पसरले, पण ती थांबली नाही. समेवर तिच्या तोंडावर लाज आणि हसू एकाच वेळी आलं. थाप पडली आणि मी ते उचललं. तो फोटो मोठा करून पुण्याच्या प्रदर्शनात लावला. लोक म्हणाले, यातून घुंगरू ऐकू येतात. लतीफ हसून म्हणाले, "मला तर खरे बी ऐकू येत न्हाईत."

लतीफ मैमूनाचा फोटो काढू म्हणायचे तेव्हा ती म्हणायची, "अजी, मेरा क्या फोटो? नाचनेवालियों का निकालो." आणि मला दुसरीकडे वळवायची.

मला तिचं एवढंच माहीत आहे, मित्रांनो. कार्यक्रम संपला की माझ्या डोळ्यावर झाकण तीच लावायची. तेव्हा तिचा तळवा समोर यायचा. कधी त्यावर मेंदी असायची, कधी कांद्याचा वास असेल असं वाटायचं. कित्येकदा लतीफचं बोट तेव्हाही बटणावर असायचं, आणि तो तळवा अंधुक, हललेला असा माझ्यात उतरायचा. घरी येऊन लतीफ आधी ते खराब फोटो पुसून टाकायचे. ते कामात फार नेटके होते.

मागच्या वर्षी मैमूनाला ताप आला. तीन दिवस ती दवाखान्यात होती. चौथ्या दिवशी तिला घरी आणलं ते कफनात.

मुलगी फलक सासरहून आली होती. काही दिवसांनी तिने आईचा एखादा फोटो शोधायला घेतला. मोबाइलवर आईच्या नावापुढे गुलाबाचं फूल होतं. आधार कार्डावरची बाई कुणीतरी वेगळीच दिसत होती. मग बापलेकीने माझे सगळे जुने फोटो उघडले. आठ दिवस ते बघत होते.

"अब्बा, इतने हजारों फोटो, और अम्मी एक में भी नहीं?"

"थे, बेटा," लतीफ म्हणाले. "खराब आए बोलके मैंच मिटाया."

फलकने मला पिशवीत घातलं. त्या दिवसापासून मी कपाटात होतो.

या उन्हाळ्यात राजनंदिनी घरी आली. आता ती मोठी झाली होती आणि पुढच्या महिन्यात पुण्याला शिकायला जाणार होती.

"काका, जायच्या आधी एकच नाच करून राह्यले. मैमूनाकाकूसाठी बसवलाय. फोटो तुम्हीच काढायचा. दुसरा कोणी आला तर मी तोंड फिरवीन, सांगून ठेवते."

"मला सम न्हाई कळत, बाळ."

"मंग चुकीचा काढा."

त्या संध्याकाळी शाळेच्या सभागृहात लतीफ नेहमीच्या जागी बसले. मागच्या खुर्चीवर माहेरी आलेली फलक बसली. तिला ताल येत नव्हता. रामप्रसादांनी तबला धरला आणि राजनंदिनी आली.

मला लतीफचा श्वास कळत होता. त्यांचा उजवा खांदा थोडा मागे झुकला होता, थापेची वाट बघत. राजनंदिनी गिरक्या घेत पुढे आली, अगदी माझ्यासमोर, आणि समेवर थबकली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते अकरा वर्षांत मी पाहिलं नव्हतं. मी आतून ओरडत होतो, आता, आता! पण कॅमेऱ्याला आवाज नसतो. असता तरी त्यांना ऐकू आला नसता.

थाप पडली नाही. बोट बटणावर तसंच राहिलं.

पोरगी तशीच उभी राहिली. रामप्रसादांनी हात तबल्यावरून उचलले. सगळं सभागृह आमच्यासाठी थांबलं होतं. तिचा चेहरा हळूहळू साधा झाला, डोळे पुसावेत तसा. मग तिने नमस्कार केला आणि ती आत गेली.

फलकने खुर्चीवरचं झाकण उचललं आणि माझ्या डोळ्यासमोर हात आणला. तेव्हा लतीफचं बोट दाबलं गेलं.

"गलत दब गया, अब्बा. मिटा दूँ?"

"रहने दे."

बोटांच्या फटीतून थोडा उजेड, बाकी अंधुक तळवा. तो मैमूनाचा नव्हता. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आता मी पुन्हा कपाटात आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, नाहीतर मोबाइल तर असेलच. हललेले, अंधुक फोटो पुसायची घाई करू नका. आणि फोटो काढताना तुमच्या मागे जे कुणी बसलं असेल, ते नको नको म्हणालं तरी एकदा कॅमेरा त्याच्याकडे वळवा. मला स्वतःहून वळता येत नाही.