दोन वाचक आणि एका विधवेचं मृत्युपत्र

नात्यांचं मशीन बनवायला निघालेल्या आमच्या साहेबाला स्वतःच्या आत्याचं सासर कुठलं ते सांगता येणार नाही. पण मनसुबा केवढा! दोनशे वर्षांपूर्वीचे पोर्तुगीज कागद मशीनला खाऊ घालायचे आणि कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची बायको, हे त्याने आपोआप ओकायचं. साहेबाला पोर्तुगीजचा गंध नाही, मशीनला नात्याचा नाही. दोन नावं शेजारी दिसली की लावलं लग्न! परवा एका बिशपला त्याच्याच आईबरोबर बोहल्यावर चढवलं.

म्हणून मशीनला शिकवायला माणसं लागली. ते जुनं अक्षर वाचणारी गावात दोनच डोकी उरलीत, मी आणि दादा. दोघांनाही बाबांनीच शिकवलेलं. पद्धत अशी, की तेच पान दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत वाचायचं, नात्यांवर खुणा करायच्या, आपसात अवाक्षर बोलायचं नाही. खुणा जुळल्या तर ठीक, नाहीतर साहेबासमोर बसून मिटवायचं. न बोलण्याचा आम्हाला कसला त्रास? नऊ वर्षांचा सराव आहे.

बाबा गेले तेव्हा हा कुलदीपक तिसऱ्या दिवशी उगवला. कामं होती म्हणे! मी उंबऱ्यावरच सांगितलं, "मला भाऊ नाही," आणि दार लावून घेतलं. वाटलं, वाजवेल. नाही वाजवलं शहाण्याने. उशिरा आला त्यापेक्षा मला ह्याचाच राग जास्त आहे.

एकशे वीस पानं झाली, एका खुणेचा फरक नाही. साहेबाने मला बोलावून हळूच विचारलं, "तुम्ही दोघं आपसात ठरवून तर करत नाही ना?" असं हसू आलं मला! आडनाव एक, नाक एक, आणि नाती शोधणाऱ्या ह्या महापंडिताला पत्ता नाही.

एकशे एकविसावं पान एका विधवेचं मृत्युपत्र होतं. शेवटी बाईने लिहवून घेतलं होतं, 'जो माझा भाऊ म्हणवतो तो माझा भाऊ नाही. त्याने माझ्या प्रेताजवळ येऊ नये, माझ्या खिडकीखाली गाऊ नये, माझ्या अंजिराच्या झाडाला हात लावू नये.'

वा, बाई, वा! मी खूण केली, नातं नाही. ती स्वतः सांगतेय, मग आपण कोण लागून गेलो? दादाही तेच करणार, मला खात्री होती. करू दे. भाऊ-बहीण नाही, हे एकदाचं दोघांच्या खुणेने होऊन जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी साहेबाचं बोलावणं आलं. दादाने खूण केली होती, भाऊ.

टेबलाच्या दोन टोकांना आम्ही बसलो. दादाच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती. चष्मासुद्धा धड करून घेता येत नाही ह्याला.

"बाई तर नाही म्हणतेय," साहेब दादाला म्हणाला. "मग भाऊ कसा?"

दादा टेबलाकडे बघत बोलला. "साहेब, परक्या माणसाला अंजिराला हात लावू नको म्हणून मृत्युपत्रात कोण सांगतं? भाऊच नसता, तर एवढं लिहायचं काय कारण होतं तिला?"

साहेब माझ्याकडे वळला. नऊ वर्षं मी दादासाठी एकेक उत्तर घासून धारदार करून ठेवलं होतं. मी पेन उचललं आणि पानावरची माझी खूण खोडली.

"दादाचं धरा," मी म्हटलं.

"दादा?" साहेबाने आमच्या नाकांकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे तुम्ही दोघं..."

"विचारा तुमच्या मशीनला!"

मी पिशवी उचलून बाहेर आले. दादा मागून आला. जिन्यापाशी म्हणाला, "चहा घेतेस?"

"त्या दिवशी दार वाजवायला काय झालं होतं तुला?"

"तूच लावून घेतलं होतंस ना."

"लावलं की वाजवायचं असतं, गाढवा!"