मधोमध भोक असलेली खुर्ची

मी कमोडची खुर्ची बोलतेय. हो, तीच, मधोमध भोक आणि खाली भांडं असलेली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

लोखंडी नळ्या वाकवून मला बनवलं, ते खाली बसता न येणाऱ्या माणसांसाठी. पहिल्या लॉकडाउनमध्ये एका संस्थेनं म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी सामान पाठवलं. औषधं, मास्क, काठ्या यांच्याबरोबर मीही टेम्पोतून पवनानगरला उतरले. जवळच्या एका गावाची यादी तेजलनं केली होती. लोणावळ्याचं तिचं कॉलेज तेव्हा बंद होतं. यादीत पहिलं नाव तिनं स्वतःच्या आजीचं घातलं होतं, चिमाबाईचं.

चिमाबाईची उजवी बाजू वर्षापूर्वी लुळी पडली होती. संडास परसात, तीन पायऱ्या उतरून. तेजल आणि शेजारची भागुबाई दोघी मिळून तिला धरून न्यायच्या. पण भागुबाईचा मुलगा मुंबईहून आला, त्यांच्या घराला क्वारंटाइनचा कागद लागला आणि भागुबाई यायची थांबली. म्हणून तर मी हवी होते.

चिमाबाईच्या नवऱ्यानं, नथूआबांनी, मला उंबऱ्यावरच अडवलं.

“ह्ये घरात न्हाई यायचं. आत देव हायेत.”

“आबा, मांजर देवघरात झोपतं ते चालतं?” तेजलनं विचारलं.

“मांजराला कुणी नावं ठेवत न्हाई. उद्या गाव म्हणंल, नथूनं बायकोला घरातच हागायला बसवली. लय शिकलीस म्हून आमाला शिकवू नगंस.”

आतून चिमाबाई म्हणाली, “ऱ्हाऊ दे गं तेजे. मला काय सारखं जावं लागतंय व्हय?”

मला गोठ्यात नेलं. ओल लागू नये म्हणून माझ्यावर पेंडीचं पोतं ठेवलं. “आता कशी कामाला आली,” आबा म्हणाले.

गोठ्यासमोरच चिमाबाईच्या खाटेची खिडकी होती. तेजल उशाशी तांब्या भरून ठेवायची आणि अभ्यासाला टेकाडावर जायची, कारण मोबाइलला रेंज तिथंच. तिची पाठ वळली की चिमाबाई डाव्या हातानं तांब्या उचलायची, ओठ ओले करायची आणि उरलेलं पाणी खिडकीतून ओतून द्यायची. रिकामा तांब्या बघून तेजलला वाटायचं, आजी पाणी पिते. खरं मला एकटीला माहीत होतं. आपलं ओझं नातीला एकटीला झेपणार नाही, म्हणून म्हातारीनं पाणीच तोडलं होतं. मी बघत राहिले. ओरडायला मला तोंड नव्हतं. त्याची खंत अजून जात नाही.

मे महिन्यात तिला ताप भरला, ती काहीबाही बरळू लागली. सगळ्यांना वाटलं, आला कोरोना. गाडी येईपर्यंत शेजारचं कुणी उंबरा चढलं नाही. दवाखान्यात तपासणी झाली, तर कोरोना नव्हताच. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच उरलेलं नाही, किडन्यांवर गेलंय.

आठ दिवसांनी तिला घरी आणलं. तेजलनं कुणाला न विचारता पोतं खाली ढकललं, मला घासून धुतलं आणि खाटेला लावून ठेवलं. त्या दिवशी चिमाबाईनं तीनदा चहा मागितला. भांडं आबा स्वतः धुवायचे, मान खाली घालून.

तिला माझा उपयोग झाला तो एकोणीस दिवस. मग ती गेली.

त्यानंतर मी सात घरं फिरले. पाय गंजलेत, एका पायाचं रबरी बूच हरवलंय. पाहुणे आले की लोक मला चादरीखाली झाकतात. झाका बापडे. सध्या मी उर्से गावात सरुबाईकडे आहे. तेजल मला घेऊन आली, तेव्हा सरुबाईचा मुलगा कैलास दार अडवून उभा होता.

“ताई, आईच नको म्हणती. लाज वाटती तिला.”

“माझी आजीपण नको म्हणाली होती, दादा. मी भांडले. दोन दिवस भांडले. मग ऑनलाइन परीक्षा आली, म्हटलं, जाऊ दे.” तेजल थांबली. “तुम्ही जाऊ देऊ नका.”

कैलास बाजूला झाला. माझं मागणं एवढंच आहे हो. कुणीतरी वेळेत दारातून बाजूला व्हावं.